कुंचल्याचे वळण आणि सरकारी फलक

(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



मागील वर्षी एका गावी घरकुल योजनेचा फलक लागला. अक्षरे मोठी देखणी. जणू कुणा कसबी रंगाऱ्याने कुंचल्याच्या चार फटकाऱ्यांत लिहिलेली. मुले मात्र हसू लागली, कारण ‘अर्ज भरण्याची अंतिम तारीख’ ही ओळ ‘अर्ज मरण्याची’ अशी वाचली जात होती. हसण्यावारी नेता न येणारी गोष्ट पुढेच होती. तारखेतील १ हा ९ सारखा दिसे. ११ तारखेची मुदत १९ समजून एक वृद्ध बाई कागदपत्रे घेऊन आल्या आणि तशाच परत गेल्या. त्या फलकाच्या नमुन्यावर मंजुरीची सही माझी होती.

सहज हाताने लिहिल्यासारखे भासणारे हे छापील अक्षर आजचे नव्हे. अमेरिकेत रॉबर्ट स्मिथ यांनी १९४२ मध्ये ‘ब्रश स्क्रिप्ट’ हा टाइप तयार केला. त्यातील लहान रोमन अक्षरे एकमेकांना जोडली जातात, म्हणून छापील शब्दालाही हस्ताक्षराचा ओघ येतो. मात्र सारा शब्द मोठ्या लिपीत जुळवला की तो ओघ तुटतो. आपल्याकडे ‘यात्रा वन’ या टंकाला मुंबईच्या लोकल रेल्वेच्या हाताने रंगविलेल्या पाट्यांवरून स्फूर्ती मिळाली. तरीही कमल शेडगे यांच्यासारखा अक्षरकार नाटकाच्या प्रकृतीप्रमाणे त्याच्या नावाला वळण देई. टंकातला ‘क’ दहा वेळा आला तरी तोच असतो.

देवनागरीत तर अधिक सावध राहावे लागते. भ आणि म, ध आणि घ, थ आणि य यांच्यातील भेद बराचसा शिरोरेषेतील लहानशा खंडावर अवलंबून असतो. कुंचल्याची रेघ भरधाव ओढली की तो खंड बुजतो, अनुस्वार रेषेला चिकटतो, रफार वेलांटीत हरवतो. म्हणून पहिली-दुसरीच्या वर्गात भिंतीवर हे वळण नसावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जी मुले अक्षरे नुकतीच ओळखू लागली आहेत, त्यांच्यापुढे ते कोडे कशाला?

परंतु स्नेहसंमेलन, ग्रंथदिंडी, गावची जत्रा यांच्या दोन-तीन शब्दांच्या शीर्षकास हेच वळण शोभते. तेथे साधे ठळक अक्षर नोटिशीसारखे रुक्ष वाटते.

आता मी नमुना मंजूर करण्यापूर्वी तो भिंतीवर लावतो आणि मजकूर न पाहिलेल्या आमच्या शिपाईमामांना दहा पावलांवरून वाचावयास सांगतो. मध्यंतरी ‘धरणग्रस्तांसाठी’ हा शब्द त्यांनी ‘घरणग्रस्तांसाठी’ असा वाचला. शीर्षकाचे अक्षर बदलले, तारीख आणि रक्कम साध्या ठसठशीत टाइपात घेतली, आणि नमुना पुन्हा त्यांच्यापुढे धरला.