कैदी क्रमांक ९८४३

काळ्या पाण्याची शिक्षा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अंदमान उभे राहते. १८५७ च्या उठावातील कैदी तेथे उतरविण्यात आले ते मार्च १८५८ मध्ये. परंतु त्यापूर्वी तब्बल सत्तर वर्षे साम्राज्याने हाच प्रयोग ऑस्ट्रेलियात चालविला होता. १७८८ ते १८६८ या काळात सुमारे १,६२,००० कैदी तेथे नेण्यात आले आणि त्यांत आयरिश माणसांचा भरणा मोठा होता. या मालिकेतील अखेरचे जहाज ‘हूगोमाँ’ जानेवारी १८६८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदरास लागले. त्यावरील सुमारे २८० कैद्यांत ६२ फेनियन होते. आयर्लंडचे प्रजासत्ताक व्हावे म्हणून सशस्त्र उठावाची तयारी करणाऱ्या गुप्त संघटनेचे हे सैनिक. क्रमांक ९८४३ चा कैदी त्यांच्यापैकीच एक. त्याचे नाव जॉन बॉइल ओरायली आणि वय अवघे तेवीस.

ओरायलीचा जन्म १८४४ चा, द्रोहेडाजवळचा. वडील शाळामास्तर. दुसऱ्याच वर्षी बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढील काही वर्षांत आयर्लंडात सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगराईने मेली. त्याच काळात त्या देशातून धान्य आणि गुरे इंग्लंडला रवाना होत होती. ज्या पिढीने हे पाहिले, तिला राजनिष्ठा शिकविणे सोपे नव्हते. ओरायली लहान वयातच छापखान्यात उमेदवारीला लागला आणि १८६३ मध्ये ब्रिटिश घोडदळात भरती झाला. याच गणवेषात तो आयरिश शिपायांना फेनियन संघटनेची शपथ देऊ लागला. १८६६ मध्ये तो पकडला गेला. लष्करी न्यायालयाने त्याला मृत्युदंड दिला आणि पुढे तो वीस वर्षांच्या सक्तमजुरीवर आणण्यात आला.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. पश्चिम ऑस्ट्रेलियाची वसाहत १८२९ मध्ये स्थापन झाली ती मुक्त वसाहत म्हणून. जमीन अमाप होती, पण ती कसणारे हात नव्हते. तेव्हा तेथील जमीनदारांनीच सरकारकडे कैद्यांची मागणी केली आणि १८५० पासून जहाजे येऊ लागली. अठरा वर्षांत नऊ हजारांहून अधिक कैदी आले. त्यांनी रस्ते बांधले, पूल बांधले, आणि स्वतःला कोंडण्याचा फ्रीमँटलचा तुरुंगही स्वतःच बांधला. न्यायाच्या नावाखाली चाललेली ही मजुरांची भरती होती. आणि ती जमीन तरी कोणाची? नूंगार या मूळनिवासी लोकांची. फ्रीमँटलसमोरच्या रॉटनेस्ट बेटावर १८३८ पासून केवळ मूळनिवासींसाठी तुरुंग चालू होता. एका पराभूत देशाचा कैदी दुसऱ्या पराभूत लोकांच्या भूमीवर रस्ता खणत होता. साम्राज्याचे गणित हे असे असते.

ओरायलीला बनबरीजवळच्या जंगलात रस्त्याच्या कामावर पाठविण्यात आले. तेथील एकाकीपणात त्याने एकदा आत्महत्येचाही प्रयत्न केला. त्याला वाचविले ते साध्या माणसांनी: मॅकेब नावाचे पाद्री आणि मॅग्वायर हा आयरिश वसाहतकरी. फेब्रुवारी १८६९ मध्ये तो पळाला. देवमासे मारणारे पहिले अमेरिकन जहाज त्याला न घेताच निघून गेले. मार्चमध्ये ‘गझेल’ या दुसऱ्या जहाजाने त्याला उचलले. नोव्हेंबरात तो फिलाडेल्फियात उतरला, आणि पुढे बोस्टनच्या ‘पायलट’ या आयरिश साप्ताहिकाचा संपादक झाला.

अनेकांच्या कथा येथे संपतात. सुटलेला माणूस घर बांधतो, प्रतिष्ठित होतो आणि मागे राहिलेल्यांना विसरतो. १८६९ मध्ये ब्रिटिश सरकारने माफी दिली ती मुलकी फेनियनांना. सैन्यातून आलेल्यांना ती मिळाली नाही. त्यांना सोडविण्याची योजना जॉन डेव्हॉयने आखली, तेव्हा देवमाशांची शिकार करणारे जहाजच पाठवावे, या विचारामागे ओरायलीचा अनुभव होता. अमेरिकेतील आयरिश माणसांच्या वर्गणीतून ‘कॅटाल्पा’ जहाज विकत घेतले गेले. १७ एप्रिल १८७६ रोजी सहा कैदी त्याच्या होडीत बसले. पाठलागावर आलेल्या बोटीला कप्तान अँथनीने आपला अमेरिकन ध्वज दाखविला आणि ती माघारी फिरली.

यापेक्षाही अवघड परीक्षा बोस्टनमध्येच होती. तेथील आयरिश मजूर स्वतः तिरस्काराचे धनी होते; पण रोजगाराच्या स्पर्धेत त्यांच्यातील अनेकजण काळ्या मजुरांचा द्वेष करीत. ओरायलीने आपल्याच वाचकांची नाराजी पत्करून काळ्यांच्या समान हक्कांची बाजू घेतली. १८७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये आयरिश कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांवर तुटून पडले, तेव्हा त्याने दोन्ही बाजूंना दोष दिला. १८७९ च्या ‘मूनडाइन’ या कादंबरीत त्याने वसाहतीतील कैद्याचे जीवन आणि शिक्षापद्धतीची सुधारणा हा विषय हाताळला.

तथापि पूजा बांधण्याची गरज नाही. हाच ओरायली स्त्रियांच्या मताधिकाराचा विरोधक होता. सागरापलीकडची बेडी ज्याला दिसली, त्याला घरातली दिसली नाही. १८९० मध्ये, निद्रानाशाने त्रस्त असताना, झोपेच्या औषधाचे प्रमाण अधिक झाल्याने त्याचा मृत्यू झाला. त्या वेळी तो शेहेचाळीस वर्षांचा होता.

मित्रहो, या शिक्षेचा हेतू माणसाला केवळ दूर नेण्याचा नव्हता. त्याचा विसर पडावा हाही होता. ओरायलीने तो विसर पडू दिला नाही, हे त्याचे मोठेपण. आणि ज्याने स्वतः अन्याय सोसला त्याला दुसऱ्यावरचा अन्याय आपोआप दिसतो, असा भ्रम कोणत्याही चळवळीने बाळगू नये, हा त्याच्या आयुष्याचा धडा. तो दिसावा यासाठी दृष्टी घडवावी लागते, आणि हे काम पहिली बेडी तुटल्यावरच खऱ्या अर्थाने सुरू होते.