जुनी जीप, गंज आणि उक्ते काम



या व्यासपीठावर आजवर संतवाङ्मयावर, इतिहासावर, आरोग्यावर व्याख्याने झाली. आज आम्ही आपल्यापुढे गंजावर बोलण्यास उभे आहोत. विषय कळताच एका स्नेह्याने विचारले, "गंजावर तासभर काय बोलणार?" आम्ही म्हटले, तासभर पुरत नाही ही खरी अडचण आहे. शाळा आम्ही नववीत सोडली. पुढचे शिक्षण गॅरेजात आणि संघटनेच्या कचेरीत झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी करू नये. हाताने केलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले तेवढे सांगू.

आमच्या संघटनेने १९७४ सालची एक सीजे-३बी जातीची जीप परंड्याकडच्या एका शेतकऱ्याकडून घेतली. हौस म्हणून घेतली नाही. ऊसतोडीच्या दिवसांत कोयत्यांच्या कोप्या जेथे पडतात तेथे रस्ता नसतो, पाणी दिलेल्या उसाच्या कडेचा चिखल असतो. अपरात्री बाळंतीण अडली, कोणाच्या पायावर कोयता बसला, तर मोटारसायकलवर माणूस आणता येत नाही. तेथे चारही चाकांनी ओढणारी गाडी लागते. नव्या गाडीचे पैसे आमच्याजवळ नव्हते, आणि जुनी गाडी आपल्या हाताने उघडता येते हा आमचा दुसरा लोभ होता.

चारही चाकांनी ओढणारी म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नेहमीच्या जुन्या गाडीत इंजिनाचे बळ मागच्या दोन चाकांना जाते. जीपमध्ये मुख्य गिअरपेटीच्या मागे आणखी एक लहान पेटी असते. तिच्यातून एक दांडा मागे जातो आणि एक पुढे. ड्रायव्हरजवळ त्या पेटीचे वेगळे दांडे असतात. एकाने पुढची चाके कामाला लागतात, दुसऱ्याने गती कमी होऊन ओढ वाढते. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र पुढची चाके जोडून धावू नये. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापतात, आणि तो फरक चिखलात घसरून भागतो तसा डांबरावर भागत नाही. मग दांडे आणि दाते एकमेकांशी भांडू लागतात.

या गाडीचे घराणे महायुद्धातले. विलिस आणि फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनी मिळून त्या युद्धात सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. आपल्याकडे १९४५ साली महिंद्र आणि महंमद या नावाने सुरू झालेली पेढी, फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेल्यावर, १९४८ साली महिंद्र आणि महिंद्र झाली, आणि त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलिस जीप जोडू लागली. सीजे-३बी अमेरिकेत १९५३ साली निघाली आणि १९६८ साली बंद झाली. आपल्याकडे ती त्यानंतरही पुष्कळ वर्षे बनत राहिली. म्हणूनच तिचे सुटे भाग आजही मिळतात. अमेरिकेतल्या हौशी माणसाला जे शोधत बसावे लागते, ते आपल्याला पुष्कळदा सोलापूरच्या दुकानात फळीवर दिसते.

जुनी जीप रंग देऊन नवी म्हणून गळ्यात मारणे ही कला काही आजची नाही. १९४८ साली काश्मीर आणि हैदराबाद हे दोन्ही प्रश्न पेटलेले असताना, लंडनमधील आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांच्यामार्फत दुरुस्त केलेल्या २,००० जीपगाड्यांचा सुमारे ८० लाख रुपयांचा करार झाला. हाती आल्या १५५, आणि त्याही लष्कराने निरुपयोगी म्हणून नाकारल्या. लोकसभेत बरेच रण माजले आणि १९५५ साली सरकारने ते प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. त्याच १९४८ च्या १३ सप्टेंबरला सोलापूरकडून निघालेली आपली फौज नळदुर्गला बोरी नदीच्या पुलाशी आली होती. म्हणजे गाड्यांची गरज होती ती या आपल्या मुलखासाठीही होती. दोष कोणाचा, तो वाद पंडितांनी घालावा. आमच्यासारख्या गॅरेजातल्या माणसाला त्यातून एवढेच दिसते, की गाडीखाली शिरून न पाहता सौदा झाला.

आम्ही खाली शिरलो होतो. गाडी वरून हिरवीगार, चकचकीत. लहान हातोडीने तळ ठोकत गेलो. निरोगी पत्रा खणखणतो. कुजलेला पत्रा भद् वाजतो. ड्रायव्हरच्या पायाखाली हातोडी भद् वाजली. पेचकसाचे टोक टेकवले तर आरपार गेले, आणि बाहेर आली ती लांबी. बोटभर जाडीची लांबी, आत वर्तमानपत्राचे बोळे. त्या भोकावर माणूस पाय ठेवून ब्रेक दाबत होता! आम्ही किंमत पाडून मागितली, आणि शेतकरीही बिचारा चकित झाला. त्यालाही कोणीतरी तसेच विकले होते.

गंज म्हणजे ज्वारीवरचा तांबेरा नव्हे, की बाहेरून येऊन बसला. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू यांच्या संयोगाने लोखंडच गंज होते. गंज लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे दोन पत्रे जोडले असतील तेथे तो आतून फुगतो आणि सांधा उकलतो, जशी वडाची मुळी भिंत उकलते. आपला जिल्हा कोरडा. कोकणातल्या गाडीसारखी खाऱ्या वाऱ्याने आपली गाडी सगळीकडून खात नाही. परंतु काळी माती चाकाच्या वर, पाट्यांच्या कानात, पट्ट्यांच्या पोकळीत जाऊन बसते आणि ओल धरून ठेवते. त्यात रासायनिक खताची पोती जीपमधून वाहिलेली. पोटॅशमधला क्षार लोखंडाला मिठासारखाच बाधतो. ज्या ज्या शेतावरच्या जीप आम्ही उघडल्या, त्यांचा मागचा तळ ड्रायव्हरच्या बाजूपेक्षा अधिक गेलेला होता. महायुद्धातल्या जीपच्या तळाखालच्या पट्ट्यांत तर लाकडी फळ्याच घातलेल्या असत. त्या पाणी पीत आणि भोवतालचा पत्रा खात.

सीजेची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या आसनाखाली असते. तिच्याखालच्या खोलगट जागेत पाणी साचते; ते जाण्याचे भोक मातीने बुजलेले असते. बॅटरीखालची बैठक आम्लाने जाते. या जागा गेल्या तर खर्च होतो, एवढेच. पण पाट्यांचे कान जेथे चासीला धरतात तेथे गंज असेल तर तुळजापूरच्या घाटात पाटा सुटतो, आणि मग खर्चाचा हिशेब दुसऱ्या कोणाला करावा लागतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. लांबी कोण भरतो? डेंटर भरतो. तो लबाड असतो का? तीसपस्तीस वर्षे कामगारांत काढल्यावर आमचे मत असे, की लबाडी बहुधा ठरावात असते. आपण गॅरेजात जातो आणि म्हणतो, "सगळा पत्रा उक्ता किती?" मिस्त्री वरून पाहून आकडा सांगतो. आपण तो घासून खाली आणतो. मग तो पत्रा उघडतो, आणि वर वीतभर दिसणारा गंज आत हातभर निघतो. तो हातभर पत्रा कापणे, नवा ठोकून घडवणे, जोडणे, घासणे हा चार दिवसांचा रोज. त्याचे पैसे ठरावात नाहीत. लांबीचा डबा मात्र स्वस्त आहे आणि तासाभरात वाळतो. उक्त्या कामात न दिसणारी मेहनत ही कामगाराच्या घरच्या भाकरीतून जाते, आणि म्हणून ती होत नाही. आपण ज्याला फसवणूक म्हणतो तिची निम्मी किंमत आपणच घासाघीस करून ठरवलेली असते.

आम्ही दुसऱ्या रीतीने ठरवले. आधी दोन दिवसांचा रोज देऊन गाडी फक्त उघडून घेतली. टप, आसने, टाकी, तळाचा सगळा रंग काढला. मग डेंटर मिस्त्री, वेल्डर आणि आम्ही असे तिघे खडू घेऊन बसलो, आणि जेथे जेथे पत्रा कापायचा तेथे रेघ मारली. काम रोजावर. लांबी चालेल, पण घासलेल्या पत्र्यावर, नखाच्या जाडीची, सांधा गुळगुळीत करण्यापुरती. खर्च अधिक झाला हे कबूल आहे. पण पैसे कशाचे दिले ते आम्हाला खडूच्या रेघांवरून दाखवता येते.

कापताना रेघ गंजाच्या बाहेर, चकाकत्या धातूत मारावी लागते. गंजलेल्या कडेला वेल्डिंग धरत नाही. पातळ पत्र्यावर गॅसची ज्योत एका जागी धरली तर तो पापडासारखा उठतो; म्हणून एक टाका इकडे, एक तिकडे, मध्ये थांबत जोडावे. सीओटू वेल्डिंगने हे काम सोपे केले आहे. चासीवर मात्र हे पातळ काम चालत नाही. तेथे मूळच्या जाडीची पट्टी लागते. आणि पेट्रोलची टाकी जोडायची असेल तर "रिकामी आहे" या शब्दावर कोणी ज्योत लावू नये. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते.

गंज काढायला काही जण वाळूचा मारा करतात. काम झपाट्याने होते. पण कोरड्या वाळूची ती बारीक धूळ तोंडाला नुसता रुमाल बांधलेल्या पोराच्या छातीत जाते. मंदसौरच्या पाटीपेन्सिल कामगारांची फुफ्फुसे याच जातीच्या धुळीने गेली. तो रोग बरा होत नाही. आमच्या गाडीवर आम्ही तो मारा करू दिला नाही. तारेचा ब्रश, कानस आणि वेळ यांवर भागवले.

लहान भागांसाठी मात्र आपल्या उसाच्या मुलखात एक फुकटासारखे औषध आहे: मळी. एक भाग मळी, नऊ भाग पाणी. पिंपात भाग बुडवून आठपंधरा दिवस विसरून जावे. गंज सुटतो आणि चांगले लोखंड शाबूत राहते. अ‍ॅल्युमिनियमचा भाग त्यात टाकू नये, तो खाल्ला जातो. वास असा येतो की शेजारी तक्रार करतात. मळीवर उत्पादन शुल्क खात्याचे लक्ष असते, तेव्हा पिंपे भरून आणण्याचा उद्योग कोणी करू नये. जनावरांच्या खाद्यासाठी मिळते तेवढ्यात भागते. बाहेर काढल्यावर धुऊन, वाळवून त्याच दिवशी रेडऑक्साइड लावावे. दुसऱ्या दिवशीवर ठेवले तर सकाळी पुन्हा तांबूस झालेले दिसते.

सुट्या भागांत आम्हाला सर्वांत अधिक हिंडवले ते पुढच्या आसाने. पेट्रोल वाचवण्यासाठी आधीच्या मालकांपैकी कोणीतरी पुढचा दांडा काढून टाकला होता आणि आसाच्या पोटातले दाते भंगारात विकले होते. पुढचे आणि मागचे दाते एकाच प्रमाणाचे असावे लागतात. युद्धकाळच्या जीपला ३९ ला ८, नंतरच्या सीजे गाड्यांना बहुधा ४३ ला ८. दुकानदार म्हणतो, "जीपचेच आहे, घ्या." दिसायला सारखेच असते. ते बसवून चारही चाके जोडली तर चिखलातसुद्धा गाडी स्वतःशी झुंजते. म्हणून दाते मोजल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. पुण्याचा जुना बाजार झाला, मुंबईत कुर्ल्याचे भंगार झाले, सिकंदराबादचे राणीगंज झाले. उमरग्याच्या माणसाला हैदराबादची बाजू काही परकी नाही. शेवटी जोडी मिळाली ती कळंबकडे, एका पाण्याच्या टँकरच्या ट्रॉलीखाली. दुष्काळात कोणीतरी जीपचा अख्खा आस तिला लावला होता. ट्रॉलीवाल्याला दुसरा आस बसवून दिला, मग त्याने तो सोडला.

पुढच्या चाकामागे लोखंडाचा एक गोळा असतो, ज्यावर चाक वळते. त्याला गंजाचे खड्डे पडले की आतले वंगण गळते आणि नवे सील आठ दिवसांत फाटते. नवा गोळा मिळाला नाही. एका वयस्क टर्नरने खड्डे पितळेने भरून तो लेथवर उतरवला. त्यांच्याकडे आज शिकाऊ पोर नाही. सत्तरीच्या घरातला हा माणूस बोटाने चाचपून सांगतो की अजून इतके घ्यायचे आहे, आणि मोजले तर तितकेच निघते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असे हात अजून पुष्कळ आहेत. आपल्या जिल्ह्यात आम्हाला तिघे सापडले. एखादा भाग बाजारात नाही असे आपण म्हणतो, तेव्हा तो घडवणारा माणूस घरी बसला आहे असा त्याचा अर्थ पुष्कळदा असतो.

आट्यांचेही सांगायला हवे. विलिस घराण्याच्या गाडीचे आटे इंची मापाचे. पुढे प्यूजो डिझेल इंजिन घेऊन आलेल्या एमएम-५४० मध्ये मिलिमीटरचे. एकाचा बोल्ट दुसऱ्यात दोन फेरे जातो आणि मग अडतो. घाईचा माणूस पाना लांब करून तो बसवतो आणि आटे मारतो.

कागदाचे दोन शब्द. चासीवरचा ठोकलेला नंबर कापू नये, घासू नये, त्यावर पट्टी जोडू नये. तो गेला की गाडी कायद्याच्या दृष्टीने भंगार. पंजाब-हरियाणाच्या सीमेवर मंडी डबवालीला उघड्या जीप बांधून मिळतात आणि त्या देखण्या असतात. पण कारखान्याच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल चालणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले आहे. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करावी लागते. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाड्यांसाठी वेगळी 'व्हिंटेज' नोंदही निघाली आहे, वीस हजार रुपये भरून. पण तशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. आम्हाला प्रदर्शनात उभी करायची नव्हती. आम्ही साधी फेरनोंदणी केली.

गाडी सभागृहाबाहेर लिंबाखाली उभी आहे. आसने काढून ठेवली आहेत, तळ उघडा आहे आणि वेल्डरने जोडलेले सांधे मुद्दाम रंगाविना, नुसत्या पारदर्शक लेपाखाली ठेवले आहेत. ज्या दोघा मिस्त्रींनी काम केले ते तेथेच आहेत. प्रश्न त्यांना विचारावेत, आमच्यापेक्षा ते बरे सांगतील. कोणा तरुणाला चाक खोलून पाहायचे असेल तर खुशाल पाहावे, मात्र या जातीच्या जुन्या गाड्यांत डाव्या बाजूचे नट पुष्कळदा उलट्या आट्यांचे असतात. लांब पाइप लावण्याआधी मिस्त्रींना विचारून घ्यावे.