पाणी जमिनीचे की माणसांचे?



एका शिक्षकाच्या स्मृत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. बरखेड्याची ही वसाहत ज्या कारखान्यामुळे वसली, तेथे जलविद्युतकेंद्रांची टर्बाइने घडतात. आणि भोपाळचा मोठा तलाव राजा भोजाचे नाव सांगतो. पाणी अडविणे आणि त्याला कामास लावणे, या दोन्ही विद्या आपणांस परिचित आहेत. आज मी तिसऱ्या विद्येविषयी बोलणार आहे. ती म्हणजे पाणी वाटून घेण्याची विद्या.

विद्यार्थ्यांनी एक साधे गणित करून पाहावे. एका हेक्टरावर एक सेंटिमीटर पाऊस पडला, तर एक लाख लिटर पाणी मिळते. चाळीस सेंटिमीटर पावसाचे चाळीस लाख लिटर होतात. तरीही अवर्षणप्रवण गावे तहानलेली राहतात. कारण उघड्या उतारावरून पाणी वाहून जाते आणि जाताना मातीही नेते. समतल बांध, नालाबांध, पाझर तलाव हे त्यावरचे उपाय होत. परंतु पाणी जमिनीत मुरले, की ज्याची विहीर खोल आणि पंप मोठा, तोच ते उपसतो. श्रम साऱ्या गावाचे, ऊस मात्र एकाचा!

१९७२च्या दुष्काळाने पुण्याचे अभियंते-उद्योजक विलासराव साळुंखे यांना अस्वस्थ केले. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे त्यांनी देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन कराराने घेतली, बांधबंदिस्ती केली, पायथ्याशी पाणी साठविले आणि ते उपसून शेतीला दिले. या प्रयोगातूनच ‘पाणी पंचायत’ उभी राहिली.

तिचे नियम मोजके होते. पाणी मिळे ते जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर माणशी अर्ध्या एकरापुरते. कुटुंबास कमाल मर्यादा अडीच एकरांची. उसासारखे तहानलेले पीक वर्ज्य. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकता येत नसे. खर्चाचा वाटा लाभार्थींनीही उचलायचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, भूमिहीनालाही पाण्यात वाटा. साळुंखे २००२ साली निवर्तले. त्यांनी मांडलेला प्रश्न मात्र मागे राहिला आहे.

यावर आक्षेप असा, की स्वतःच्या शेतात काय पिकवावे, हे इतरांनी का ठरवावे? आक्षेप वजनदार आहे. पण भूगर्भातील पाणी सातबाऱ्याच्या हद्दी ओळखत नाही. माझ्या विंधनविहिरीने शेजाऱ्याची विहीर आटत असेल, तर माझे स्वातंत्र्य त्याच्या तहानेवर उभे असते. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली हेच ओळखले. शेतीसाठी विंधनविहिरींना बंदी घातली, आणि पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडल्यावरच पिके ठरविण्याची रीत घातली. जे नियम गाव स्वतः करते, ते पाळण्याची लाजही गावालाच असते.

आशिया-आफ्रिकेतील अनेक विकसनशील देशांत पाण्याचा विचार धरणांच्या उंचीपाशीच थांबतो. त्यापुढे विचारावयास हवे, की साठलेल्या पाण्यात शेवटच्या माणसाचा वाटा किती? विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी अभियंते व्हाल, कोणी अधिकारी, कोणी शेतकरी. योजनेचा नकाशा पुढ्यात येईल, तेव्हा बांधाची रेषा पाहून झाल्यावर वाटपाचा नियमही मागून पाहा. तो नसेल, तर योजना अपुरी आहे असे निःशंकपणे लिहा.