विक्रांत बोटीवरचा एक दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "सहलीचे काहीतरी सांगा," म्हणून उभी राहिले आहे. माझ्या सासूबाई समोरच बसल्या आहेत. काही चुकले तर त्या मध्येच टोकतील, त्यांना कोणी अडवू नये.

आपल्या मंडळाची 2006 सालची मुंबईची सहल तुमच्यापैकी चौघीपाचजणींना आठवत असेल. डिसेंबरात नौदल सप्ताह असतो. त्या दिवसांत लोकांना गोदीत सोडतात आणि बोटी पाहू देतात. विक्रांत ही विमाने वाहणारी बोट तेव्हा सेवेतून निवृत्त झाली होती आणि तिचे संग्रहालय केले होते. तेवढ्यासाठी आपण पहाटे तीनला ओतूरहून एस. टी. ठरवून निघालो. माळशेजला असे धुके होते की गाडीतल्या बायकांनी देवाचे नाव घेणेच पसंत केले. समुद्राची वाट आपल्याला नवी नाही. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरचा माल नाणेघाट उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांना जातच होता. पण आमच्यातल्या निम्म्याजणींनी समुद्र पाहिला तो त्या दिवशी.

सासूबाईंचे येणे मात्र वेगळ्या कारणासाठी होते. माझे मामंजी या बोटीवर स्वयंपाकी होते. ते जाऊन तोवर बारा वर्षे झाली होती. घरी ते बोटीचे फार बोलत नसत. पहाटे तीनला जाग येई, परात पुढे ओढून कणीक मळायला बसत, आणि सगळ्यांचे जेवण उरकल्याशिवाय ताटावर बसत नसत, एवढीच त्यांची नौदलाची खूण.

1965 सालच्या लढाईत सासूबाई बाळंतपणासाठी माहेरी, जुन्या आंबेगावात होत्या. ते गाव आता डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. विक्रांत बुडवली असे पाकिस्तानने तेव्हा जाहीर केले होते. कोणीतरी रेडिओवर ऐकलेले गावात येऊन सांगितले. खरे म्हणजे बोट त्या वेळी दुरुस्तीसाठी गोदीत होती, पण हे आंबेगावात कोणाला ठाऊक? कुंकू पुसावे की ठेवावे यावर ओसरीत वडील माणसे बोलत, आणि सासूबाई आत भिंतीला टेकून ऐकत. एकोणिसाव्या दिवशी कार्ड आले. मास्तरांनी वाचले : बोट गोदीत आहे, मी खुशाल आहे, तब्येतीस जपणे. सासूबाईंनी ते तीन वेळा वाचायला लावले.

आता बोटीकडे वळते. तास-दीड तास रांगेत उभे राहून शिडीने वर चढलो. आत विमाने ठेवायचे मोठे दालन. त्यात जुनी सी-हॉक विमाने, कोंबडीने पंख मिटावेत तशी त्यांची पाती वर दुमडता येतात. मग उघड्या डेकवर आलो. लांबी सातशे फूट. चौकोनी एकराच्या तीन बाजू ओळीने मांडल्या तरी थोडी जागा उरते. पुढच्या टोकाला डेक वर उचललेला आहे. तो चढ नंतर सी-हॅरियर विमानांसाठी केला, असे तिथल्या खलाशाने सांगितले. तो सातारकडचा पोरगा होता, आणि गावाकडच्या बायका पाहून जरा खुलला होता. ही बोट इंग्रजांनी आपल्यासाठी बांधायला घेतलेली, 1957 साली भारताने अर्धवट स्थितीत विकत घेतली आणि 1961 साली ती आपल्या नौदलात आली, हे त्यानेच सांगितले.

1971 च्या लढाईची एक गोष्ट मी पुढे मुलीकडून वाचून घेतली. पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी विक्रांतला शोधत होती. विक्रांत लपवली होती अंदमानकडे, आणि ती विशाखापट्टणलाच आहे असे भासवायचे होते. मग काय केले? ॲडमिरल कृष्णन् यांनी लिहून ठेवले आहे की विशाखापट्टणच्या ठेकेदारांकडे तिच्या नावाने भरमसाट मांस-भाजीपाला मागवला! हजाराच्या वर माणसांची बोट, बाजारात बोभाटा होणारच. गाझी आली आणि विशाखापट्टणजवळच बुडाली. 4 डिसेंबरला विक्रांतवरून विमाने उडाली आणि चितगाव, कॉक्स बाजार इथे मारा केला. मामंजी तेव्हाही बोटीवरच होते. घरातल्या वाणसामानाच्या यादीला आपण कमी समजतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

तर सासूबाईंनी त्या खलाशाला विचारले, "पोरा, भटारखाना कुठं हाय?" तो म्हणाला, "आजी, खालचे मजले बंद आहेत." सासूबाई हलेनात. मग त्याने थोडे पुढे नेले आणि म्हणाला, "ह्याच्याच खाली कुठंतरी असंल." सासूबाई तिथेच खाली बसल्या आणि दोन्ही तळवे लोखंडावर ठेवले. मागची रांग खोळंबली. मला लाज वाटली, खोटे कशाला सांगू. उठताना म्हणाल्या, "येवढी बोट बुडती व्हय! तवा कुणी दावली आसती तर मी रडले नसते."

त्या दिवसाचा आमच्याकडे एकही फोटो नाही.

पुढे 2012 साली धोका आहे म्हणून बोट लोकांना बंद झाली. खारा वारा आणि लोखंड यांचे जमत नाही, मिठाचा हात लागलेल्या तव्याचे काय होते ते आपण जाणतोच. पण तवा आपण रोज पुसतो. बोटीची देखभाल कोणाला झेपली नाही. काहीजण कोर्टातही गेले, उपयोग झाला नाही. 2014 साली सुमारे साठ कोटींना ती भंगारात गेली आणि दिवाळीनंतर मोडायला घेतली. घरात टीव्हीवर बातमी लागली की आम्ही बटण फिरवत असू. सासूबाईंना सांगायचे नाही असे सगळ्यांनी ठरवले होते, आणि त्यात मी पुढे होते.

2016 साली पुतण्याने नवी फटफटी आणली. बजाजची 'व्ही'. कंपनीने विक्रांतचे लोखंड विकत घेऊन त्या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीत घातले होते. पोरगा अंगणातूनच ओरडला, "आजी, बघ, आजोबांची बोट आणली!" झाले. सासूबाईंनी सगळे विचारून घेतले. मग माझ्याकडे वळल्या.

"तुला ठावं व्हतं?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"खोटं व्हतं तवा समद्या गावानं येऊन सांगितलं. आन् खरं झालं तवा लपिवलंत."

याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही.

2 सप्टेंबर 2022 रोजी कोचीला त्याच नावाची नवी बोट नौदलात आली. त्याच दिवशी नौदलाच्या झेंड्यावर शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. शिवनेरीच्या मुलखातल्या आपण सगळ्याजणींनी तो टीव्हीवर पाहिला. या वेळी मी सासूबाईंना हाक मारून आधी बोलावले.

फटफटीचे राहिले. त्या दिवशी सासूबाईंनी टाकीवर हात ठेवला. गाडी उन्हात होती, टाकी तापलेली. हात काढला नाही. मग पदर खोचून पुतण्याच्या मागे बसल्या आणि म्हणाल्या, "चल, बाजारात सोड. मेथी आणायची हाय."