पदवी-प्रकल्पाची खरी कसोटी



बहुतेक विद्याशाखांतील अंतिम परीक्षा बंद दाराआड होते. उत्तरपत्रिका कुणी तपासली, काय तपासले, हे विद्यार्थ्याला कळत नाही आणि त्याच्या आईवडिलांना तर मुळीच कळत नाही. अभिकल्पाच्या, म्हणजे रूढ शब्दांत डिझाइनच्या, विद्यार्थ्याची परीक्षा मात्र चारचौघांत होते. नवी मुंबईत खारघर येथे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजेच ‘निफ्ट’चे, मुंबई केंद्र आहे. तेथील पदवीचे विद्यार्थी चार वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या अखेरीस आपापला प्रकल्प सर्वांसमोर मांडतात. कुणाची पोशाखांची मालिका असते, कुणाचे विणलेल्या कापडाचे नमुने, तर कुणाची पादत्राणे, दागिने किंवा घरगुती वापराच्या वस्तू. पाहणाऱ्यांत परीक्षक असतात, उद्योजक असतात आणि आपल्या मुलाने किंवा मुलीने नेमके काय केले, हे प्रथमच डोळ्यांनी पाहणारे पालकही असतात.

मंचावरून एक पोशाख जेमतेम अर्धा मिनिट जातो. त्याच्यामागे काही महिन्यांचे श्रम असतात, याची कल्पना टाळ्या वाजवणाऱ्यांना असतेच असे नाही. विषय ठरवायचा, रेखाटने करायची, मग महागड्या कापडाला कात्री लावण्यापूर्वी साध्या मांजरपाटावर कच्चा नमुना बेतायचा. तो अंगावर चढवून पाहिला की दोष दिसू लागतात. खांद्याचा बेत अर्ध्या इंचाने चुकला तर हात वर होत नाही. कापड धुतल्यावर आटते, एका रंगाचा डाग दुसऱ्यावर उतरतो. मग उसवणे आणि पुन्हा बेतणे आले. या काळात विद्यार्थ्याचा खरा गुरू पुष्कळदा वर्गात नसतोच. तो शिवणयंत्रावर बसलेला मास्तर असतो, आणि ‘हे असे शिवता येणार नाही’ एवढ्या एकाच वाक्यात तो सत्रभराचा पाठ देऊन जातो.

हे शिक्षण आपल्या राज्यात काही काल-परवा आलेले नाही. मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयाची स्थापना १८५७ सालची. तेथे उपयोजित कलेचे शिक्षण १९३५ पासून सुरू झाले. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ मध्ये निघाले. निफ्टची स्थापना दिल्लीत १९८६ मध्ये झाली आणि मुंबई केंद्र १९९५ मध्ये सुरू झाले. हे शेवटचे वर्ष विचार करायला लावणारे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते, आणि त्यानंतर गिरणगावातील अनेक भोंगे पुन्हा वाजलेच नाहीत. ज्या महानगराने शतकाहून अधिक काळ कापड विणले, तेथे कापडाचे उच्च शिक्षण स्थिरावेपर्यंत विणणारे हात पांगले होते. यंत्रमाग होते, पण ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि सोलापूर येथे. म्हणून खारघरच्या विद्यार्थ्याला कापड समजून घ्यायचे तर महानगराची हद्द ओलांडून जावे लागते.

असे बाहेर पडून वस्तूकडे पाहावे, ही शिकवण जुनीच आहे. अमेरिकेतील चार्ल्स व रे ईम्स हे दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आले आणि १९५८ मध्ये त्यांनी एक अहवाल सादर केला. त्यातून पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सर्वांत अधिक कौतुक कशाचे केले असेल, तर आपल्या घरोघरच्या तांब्याचे! त्यात पाणी किती मावते, तो कमरेवर कसा बसतो, ओतताना तोल कसा राहतो, घासायला किती सोपा आहे, त्याला किंमत किती पडते, असे प्रश्न त्यांनी विचारले. तांब्याचा कर्ता कुणी एक नाही. पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्यांनी त्याला तो घाट दिला.

निफ्टच्या अभ्यासक्रमात कारागिरांच्या गावी जाऊन राहण्याचा भाग आहे, तो याच कारणासाठी मोलाचा ठरतो. येवल्याच्या किंवा पैठणच्या मागावर बसलेला विणकर पदरावरचा मोर उठवताना प्रत्येक रंगाची वेगळी लहान कांडी हाताने आडव्या धाग्यात गुंतवीत जातो. दिवसभराच्या कामानंतर पदर पुढे सरकतो तो बोटांनी मोजण्याइतका. विद्यार्थ्याने कागदावर सहज ओढलेली एक वक्ररेषा त्या मागावर पायऱ्या-पायऱ्यांची होते, आणि रेषा बदलायची की धागा बारीक घ्यायचा, हे दोघांना मिळून ठरवावे लागते. अशा वेळी विद्यार्थी कारागिराला ‘काका’ म्हणतो आणि कारागीर विद्यार्थ्याला ‘साहेब’. हा दुसरा शब्द जितक्या लवकर गळून पडेल तितके काम चांगले होते.

पण काम झाल्यावर नाव कुणाचे लागते? हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा आहे, हे जून २०२५ मध्ये साऱ्या जगाला दिसले. इटलीतील मिलान येथे प्राडा या नामांकित संस्थेच्या पोशाख-प्रदर्शनात जी पादत्राणे दिसली, ती पाहून महाराष्ट्रातील कुणीही क्षणात ‘कोल्हापुरी’ म्हणाले असते. परंतु प्रदर्शनात या मूळ स्थानाचा उल्लेख नव्हता. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे त्यात येतात. वनस्पतिजन्य पदार्थांनी कमावलेले चामडे, हाताने गुंफलेली वेणी आणि खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीची शिवण, ही तिची ओळख. महाराष्ट्रातून निषेध झाल्यावर संस्थेने भारतीय हस्तकलेचे ऋण मान्य केले, तिचे प्रतिनिधी कोल्हापुरात आले आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. शेवट समाधानाचा झाला हे खरे. तथापि त्यासाठी एवढा गलबला व्हावा लागला. खारघरच्या प्रदर्शनात ठेवलेल्या वस्तूखालच्या चिठ्ठीवर विद्यार्थ्याच्या नावाशेजारी विणकराचे किंवा चर्मकाराचे नाव आणि गाव लिहायला कुठला करार लागत नाही.

कसोटीचा दुसरा भाग प्रदर्शन उतरवल्यानंतर सुरू होतो. त्याचे उदाहरण पाहायला दूर जायला नको. सिडकोची स्थापना १९७० ची. नव्या शहराची कल्पना त्याआधीच मांडणाऱ्या तिघांपैकी एक, वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी बेलापूरला १९८० नंतरच्या दशकात कलाग्राम वसाहतीची रचना केली. सात-सात घरांमध्ये एक अंगण, आणि एकाही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही, कारण ऐपत वाढेल तसे ज्याने त्याने आपले घर वाढवावे, ही योजना होती. लोकांनी ती अगदी मनावर घेतली! आज तेथील कित्येक घरे मूळ नकाशाशी ताडून पाहिली तर ओळखू येत नाहीत. मजले चढले, उतरती छपरे गेली. काही अभ्यासकांना याची हळहळ वाटते. परंतु घरे बदलूनही अंगणे पुष्कळ ठिकाणी उरली आहेत. रहिवाशांनी काय टाकले आणि काय राखले, याची जी नोंद तेथे उभी आहे, तिच्याइतके स्पष्ट गुण कोणत्याही परीक्षकाला देता आले नसते. निफ्टच्या विद्यार्थ्यांना खारघरहून बेलापूर काही मिनिटांच्या अंतरावर आहे, आणि एक सकाळ तेथे काढण्यास हरकत नाही.

प्रकल्पाच्या वहीत सामान्यतः प्रेरणा, रंगसंगती आणि छायाचित्रे यांना भरपूर पाने मिळतात. हिशोबाचे पान मात्र पातळ असते. कापडाला किती पडले, कारागिराचे किती दिवस लागले, त्या दिवसांची मजुरी किती दिली, हीच वस्तू शंभर नग करायची तर काय बदलावे लागेल, हे लिहिलेले असेल तर इचलकरंजीचा यंत्रमागधारक किंवा सोलापूरचा चादर-उत्पादक ती वही उघडून त्यावर बोलणी करू शकेल. आज निवडक नमुने संस्थेत राहतात, काही विद्यार्थ्याच्या घरी कपाटात जातात. यांपैकी काही नमुने बेतांसह आणि हिशोबासह येवला, सोलापूर, कोल्हापूर येथे नेऊन दोन-दोन दिवस मांडावेत. खर्च फार नाही. ज्यांच्या मागावर आणि ज्यांच्या हातून त्या वस्तू घडल्या, त्यांतील बहुतेकांनी त्या पूर्ण झालेल्या अजून पाहिलेल्या नाहीत.