मातृस्मरण



आमच्या वालूरची चक्राकार बारव माती-कचऱ्याने भरून गेली होती. गावकऱ्यांनी श्रमदान केले, तेव्हां तिच्या पायऱ्या पुन्हां दिसूं लागल्या. आमच्या माता व आज्या यांच्या स्मृतींचेंही असेंच आहे.

कै. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) कधीं शाळेंत गेल्या नव्हत्या. पुत्र देवदत्त यांनीं वडिलांच्या आठवणी मागितल्या, म्हणून त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ लिहिलीं. पुढें नातू अशोक यांनीं तीं संपादिलीं. पंथ निराळा असला, तरी आई ती आईच.

आमच्या आजीस मात्र आम्हीं कधीं कांहीं विचारिलें नाहीं. तिच्या जात्यावरच्या ओव्या तिच्याबरोबरच गेल्या. हातीं उरली ती केवळ तिची जपमाळ. ज्यांची आई अद्याप चुलीपाशीं बसली आहे, त्यांनीं आजच तिला विचारावें व लिहून ठेवावें.

प्रभु दिवंगत मातांस चिरशांति देवो.