दोन छत्र्या, दोन घरं आणि एक भांडण

आमच्या कोयनानगरात पावसाळ्यात टीव्ही गेला की दोष पावसाचा. जोरदार सरीत सिग्नल पडतोच. पण आमचा टीव्ही मे महिन्याच्या उन्हातही जायचा. बाबा म्हणायचे, शेजारचा काका मुद्दाम करतो. काका बाबांबद्दल तेच म्हणायचे.

छपरावर दोन्ही घरांच्या सामाईक दोन छत्र्या. एक डीडी फ्री डिशची, ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ कडे. दुसरी वेगळ्या उपग्रहाकडे. दोन्हींच्या वायरी एकाच डायसेक स्विचमध्ये, तिथून स्प्लिटरने दोन घरांत. घोळ इथंच होता. हा स्विच एका वेळी एकच छत्री जोडतो आणि ज्या बॉक्सचा हुकूम शेवटी येईल, त्याचं ऐकतो. काकूंनी चॅनल बदललं की आमचीही छत्री बदलायची! कोडिंगवाल्यांनो, हा तर ग्लोबल व्हेरिएबल. दोघं लिहितायत, एकमेकांना पत्ता नाही.

मग प्रत्येक छत्रीवर दोन आउटपुटची ट्विन एलएनबी लावली आणि प्रत्येक घराला स्वतःचा स्विच दिला. चार वायरी, दोन स्विच. स्प्लिटर काढून टाकला. तुम्ही केलंत तर आधी बॉक्सचा प्लग काढा, मगच वायरीला हात लावा.

संध्याकाळी काका चहाला आले. वर्षभरानं.